‘नियंत्रण सुटलं’ म्हणजे नेमकं काय सुटलं?

२३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. पहिले काही तास सगळीकडे ‘बॉयलर फुटला’ असंच चाललं होतं. मग कळलं की फुटला तो बॉयलर नव्हता, रिअ‍ॅक्टर होता. बऱ्याच वाचकांनी खांदे उडवले असतील, की काय फरक पडतो, फुटलं हे खरं. फरक बराच आहे. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि खालचा जाळ काढला की प्रकरण हळूहळू निवतं. रिअ‍ॅक्टरमध्ये रसायनं एकमेकांशी झटतात आणि कित्येकदा जाळ त्यांच्या आतच असतो. तो बाहेरून काढता येत नाही.

अशा प्रत्येक बातमीत एक वाक्य हमखास असतं : ‘तापमानावरील नियंत्रण सुटल्याने’. डोंबिवलीत नेमकं काय घडलं, याचा निवाडा इथे करायचा नाही. पण हे वाक्य मला नेहमी खटकतं. नियंत्रण म्हणजे काही बैलाची वेसण नाही, की हातातून निसटली. ते एक वर्तुळ असतं, आणि वर्तुळ नेमकं कुठे तुटलं हे सांगितल्याशिवाय काहीच सांगितल्यासारखं होत नाही. मी काही वर्षं कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटचं काम केलं, म्हणजे मोजणारी आणि व्हॉल्व्ह हलवणारी उपकरणं सांभाळली. त्यामुळे हे वर्तुळ जरा जवळून माहीत आहे. पण ते पहिल्यांदा पाहिलं ते कारखान्यात नव्हे, गुऱ्हाळावर.

काहिलीपाशी उभा असलेला माणूस

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर सगळ्यात मान गुळव्याला. काहिलीत रस रटरटत असतो, मळी काढून झालेली असते, आणि आता प्रश्न एकच असतो : काहील उतरवायची कधी? चार-दोन मिनिटं आधी उतरवली तर गूळ धरत नाही, चिकट राहतो. उशीर केला तर करपतो, काळा पडतो. पाक साधारण ११५ ते ११८ अंशांच्या घरात आला की गूळ धरतो, पण गुळव्याकडे थर्मामीटर नसतो. तो उलथण्याने थोडा पाक घेतो, थंड पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळतो आणि भांड्याच्या काठावर टाकतो. टण्ण वाजली की समजायचं.

माझ्या लक्षात राहिलंय ते मात्र वेगळंच. गोळी अजून मऊ होती, आणि तरी तो चुलवाणाकडे वळून ओरडला, “बास कर रं, चिपाड घालू नगंस!” मी लहान होतो, मला वाटलं म्हाताऱ्याचा अंदाज चुकला. चुकला नव्हता. जाळ घालणं थांबलं तरी चुलवाणाची तापलेली भिंत आणि आतले निखारे काहिलीला उष्णता देतच राहतात, हे त्याला ठाऊक होतं. गोळी वाजायची वाट बघितली असती तर फार उशीर झाला असता.

नियंत्रणशास्त्र म्हणून जे इंजिनिअरिंगला शिकवतात ते सगळं या प्रसंगात आहे. काय हवंय हे ठरलेलं आहे, त्याला कारखान्यात सेटपॉईंट म्हणतात. आत्ता काय आहे हे बोटं मोजतात. दोन्हींतला फरक डोकं काढतं. मग हुकूम सुटतो आणि जाळ घालणारा हात थांबतो. जाळ कमी झाल्यावर पाकात फरक पडतो, तो पुन्हा बोटांना कळतो. झालं वर्तुळ पुरं. कारखान्यात याला लूप म्हणतात. बोटांच्या जागी सेन्सर येतो, डोक्याच्या जागी कंट्रोलर, आणि हाताच्या जागी हवेच्या दाबावर हलणारा व्हॉल्व्ह. मोठ्या रिफायनरीत असे हजारो लूप एकाच वेळी चालू असतात.

ऑटोमॅटिक आहे, म्हणजे नियंत्रण आहे का?

नाही, आणि इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. शेतातल्या पंपाला ‘ऑटो’ बसवलेला असतो. रात्री दोनला लाईट आली की पंप आपोआप चालू. शेतकऱ्याची झोप वाचते, पण त्या ऑटोला वाफ्यात पाणी किती झालं हे माहीत नसतं. वाफा भरून बांध फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलं तरी तो चालूच. तो फक्त लाईटकडे बघतो, पाण्याकडे नाही. परिणाम बघून स्वतःला सुधारण्याची सोय नसेल, तर ते यंत्र आपोआप चालतं एवढंच म्हणायचं.

उलट घराच्या गच्चीवरच्या टाकीतला बॉल कॉक बघा. ना वीज, ना कॉम्प्युटर. एक पोकळ चेंडू, एक दांडी, एक व्हॉल्व्ह. पाणी वर आलं की चेंडू वर येतो आणि स्वतःच पाणी अडवतो. पातळी उतरली की चेंडू उतरतो आणि पाणी सोडतो. हे खरंखुरं नियंत्रण. परिणाम उलटा फिरून कारणापर्यंत येतो, म्हणून याला प्रतिभरण म्हणतात. कारखान्यात सगळे फीडबॅकच म्हणतात, आणि मीही तेच म्हणेन.

हा चेंडू आपल्याला अजून थोडा वेळ लागणार आहे.

मग सारखी दोन बोटं कमी का?

खाली कुणी नळ सोडून ठेवला असेल तेव्हा टाकीत डोकावून बघा. पातळी खुणेपर्यंत कधीच पोहोचत नाही. दोन बोटं खालीच स्थिरावते. बॉल कॉक बिघडलाय असं वाटतं, पण तो बरोबर वागतोय. जेवढं पाणी खाली जातंय तेवढं वरून यायला व्हॉल्व्ह थोडा उघडा हवा. व्हॉल्व्ह उघडा राहायला चेंडू थोडा खाली हवा. म्हणजे थोडी चूक शिल्लक राहिली तरच हे काम चालतं! चुकीच्या प्रमाणात हात हलवणाऱ्या कोणत्याही नियंत्रकाची ही खोड असते.

आता समजा, तुम्ही रोज बघताय की पातळी दोन बोटं कमी राहते. तुम्ही दांडी जराशी वर वाकवता. दुसऱ्या दिवशी अजून अर्धं बोट कमी दिसलं की पुन्हा थोडी वाकवता. हा दुसऱ्या जातीचा शहाणपणा आहे. तो आत्ताची चूक बघत नाही, आजवर साचलेली चूक बघतो. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखं. आजचे दहा रुपये विशेष नसतात, पण महिनाभराची बेरीज झाली की तो बोलतो.

तिसरी जात गुळव्याची. गोळी अजून मऊ आहे, पण ती ज्या वेगाने कडक होत चालली आहे तो वेग बघून आधीच हात आखडायचा.

आत्ताची चूक, साचलेली चूक आणि चुकीचा वेग या तिन्हींची मिळून जी रीत होते तिला पीआयडी म्हणतात. जगभरातल्या कारखान्यांतले बहुसंख्य लूप आजही याच रीतीवर चालतात. तिचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते निकोलस मिनोर्स्की या रशियातून अमेरिकेत आलेल्या अभियंत्याने, १९२२ मध्ये. त्याचा विषय कारखाना नव्हता, जहाज होतं. सुकाणूवरचा मुरलेला खलाशी काय करतो याकडे त्याने लक्ष दिलं. जहाज किती भरकटलंय एवढंच तो बघत नाही. बराच वेळ एकाच बाजूला का ओढलं जातंय, आणि किती झपाट्याने वळतंय, हेही बघतो. मिनोर्स्कीने त्या खलाशाचं डोकं समीकरणात उतरवलं.

मला यात गंमत वाटते ती ही, की शंभर वर्षांनंतरही यंत्राच्या डोक्यात बसलेला माणूस खलाशीच आहे.

मग जोरात हात मारला तर लवकर नाही का होणार?

ही सगळ्यांची पहिली शंका. तापमान कमी आहे ना? मग सोडा वाफ धडाधड.

गच्चीवर सोलर असलेल्या घरात पाहुणा म्हणून गेलात की हे अंगावर शेकतं. गरम नळ सोडला, थंडगारच पाणी. अजून सोडला, तरी थंड. पूर्ण सोडला. तेवढ्यात पाइपातलं थंड पाणी संपतं आणि सोलरचं कढत पाणी येतं. चटका बसतो, तुम्ही दचकून नळ एकदम बंद करता. थोड्या वेळाने पुन्हा थंड. पुन्हा पूर्ण सोडता. घरचा माणूस तोच नळ अर्धा सोडून दोन मिनिटं दात घासत उभा राहतो. दोघांच्या अकलेत फरक नसतो, पाइपाची लांबी फक्त एकालाच माहीत असते.

हुकूम सुटल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा हा काळ म्हणजे नियंत्रणाचा खरा शत्रू. उशीर मोठा आणि हात जड, असं झालं की आकडा वर-खाली झोके घेऊ लागतो. पॅनलवरचे लोक म्हणतात, “लूप हंटिंग करतोय.” झोके हळूहळू मोठे होत गेले तर प्रकरण गंभीर असतं. म्हणजे नियंत्रणच बिघाडाचं कारण होतं, आणि ते काढून घेतलं तर यंत्र बरं चालतं!

हा अनुभव जुना आहे. जेम्स वॅटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. इंजिन वेगात आलं की गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफ कमी होते. कल्पना त्याआधीपासून पवनचक्क्यांत होती. पुढे गव्हर्नर सुबक होत गेले आणि विचित्र गोष्ट दिसू लागली. काही इंजिनं एका वेगावर टिकेनात, सतत आचके देत राहिली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल, तोच वीज आणि चुंबकत्वाच्या समीकरणांवाला, त्याने १८६८ मध्ये यावर गणित मांडून दाखवलं, की असे झोके कधी विरतात आणि कधी वाढतात. नियंत्रणशास्त्राची सुरुवात तिथून धरतात.

लूपला योग्य ‘हात’ देण्याच्या कामाला ट्यूनिंग म्हणतात. त्याची एक प्रसिद्ध रीत १९४२ ची, झिग्लर आणि निकोल्स या दोघांची. हात हळूहळू जड करत न्यायचा, लूप एकसारखे झोके घेऊ लागला की तिथे थांबायचं, झोक्याचा काळ मोजायचा आणि त्यावरून आकडे ठरवायचे. थोडक्यात, पिसाळेपर्यंत डिवचायचं आणि मग समजून घ्यायचं. चालू प्लांटवर हे करताना शिफ्ट इनचार्जचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पुढे काय येणार हे माहीत असेल तर?

मग चूक व्हायची वाट कशाला बघायची? याचं आपल्या सगळ्यांच्या आठवणीतलं उदाहरण आहे. ५ एप्रिल २०२०, रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद. आपण बाल्कनीत पणत्या घेऊन उभे होतो, आणि वीज भारप्रेषण केंद्रांतल्या लोकांच्या पोटात गोळा होता. महाराष्ट्राचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी उघडपणे काळजी बोलून दाखवली होती.

काळजीचं कारण सोपं आहे. वीज फारशी साठवून ठेवत नाहीत. ज्या क्षणी लागते त्याच क्षणी बनते. देशभरातली मोठी जनित्रं एकाच तालात फिरतात आणि त्या तालाला आपण ५० हर्ट्झ म्हणतो. मागणी एकदम घटली की भरल्या गाडीचा भार अचानक उतरल्यावर बैल जसे पुढे उसळतात तशी जनित्रं वेग घेतात. प्रमाणाबाहेर गेली तर स्वतःला वाचवण्यासाठी ती जाळ्यातून सुटी होतात, आणि एकामागून एक सुटत गेली की अंधार.

अंदाज होता की मागणी १२-१३ हजार मेगावॉटने घटेल. घटली ३१ हजारांहून जास्त! तरी वारंवारता ४९.७ ते ५०.२६ हर्ट्झच्या आत राहिली. कारण तयारी आधी केलेली होती. कोळशाची केंद्रं सुस्त असतात, त्यांची भट्टी मिनिटांत निवत नाही. म्हणून ती आधीच खाली आणली आणि त्यांच्या जागी पाण्यावरची जनित्रं वर चढवली. पाण्याचं दार मिनिटांत बंद करता येतं. नऊच्या आसपास जलविद्युत १७ हजार मेगावॉटहून जास्त खाली आणली, आणि लोक दिवे लावू लागले तशी पुन्हा वर नेली. अंदाज चुकला त्याची भरपाई त्या क्षणी फीडबॅकने केली. गुळव्याने केलं तेच : जाळ आधीच आखडला, आणि बोटं पाकात ठेवली ती ठेवलीच.

इतकं सगळं कॉम्प्युटर बघतो, तर चुकतं कुठे?

बहुतेक वेळा डोळ्यात. कंट्रोलरला भट्टी दिसत नाही, त्याला आकडा दिसतो. आकडा खोटा असला तर तो खोट्या आकड्यावर अगदी निष्ठेने काम करतो.

माझ्याच एका रात्रपाळीची गोष्ट. कारखान्याचं नाव राहू दे. एक केटल, म्हणजे रसायनं तापवायचं मोठं बंद भांडं, धुवायला लावली होती, आत नुसतं पाणी, सेटपॉईंट ८० अंश. पॅनलवर आकडा ६२ वर येऊन अडकला होता. वाफेचा व्हॉल्व्ह शंभर टक्के उघडा. मी तोऱ्यात म्हटलं, वाफेचा दाब कमी असेल. आमच्या पाळीला एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांनी पडद्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, “खाली जाऊन गेज बघून आलास का?” मी जिने उतरून गेलो. केटलवरच्या डायलचा काटा ९७ वर. झाकणाच्या फटीतून वाफ फुसफुसत होती.

झालं असं होतं, की दुपारी तापमानाचा सेन्सर तपासायला काढला होता आणि परत बसवताना तो त्याच्या नळीत तळापर्यंत गेला नव्हता. टोक हवेत लोंबकळत होतं. तो मोजत होता नळीतली हवा, आणि लूप समजत होता केटल.

खरी गंमत पुढे. सेन्सर नीट बसवला, पडद्यावर ९७ आला. म्हटलं, आता व्हॉल्व्ह बंद होईल. होईना! उधारीची वही आठवा. इतका वेळ ‘तापमान कमी, तापमान कमी’ म्हणून चूक साचत गेली होती. तो डोंगर उतरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडाच राहणार होता. मामांनी शांतपणे लूप मॅन्युअलवर घेतला आणि हाताने वाफ बंद केली. आत पाणी होतं, म्हणून आज हे हसत सांगतोय.

मोठ्या प्रमाणावर हेच झालं तर काय होतं, ते २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत दिसलं. तेलातले घटक वेगळे करणारा १७० फूट उंचीचा एक मनोरा चालू करत होते. त्यात द्रव येत होता, पण बाहेर जाण्याची वाट तीन तास बंद राहिली. पातळी मोजणारं उपकरण मनोऱ्याच्या तळाच्या काही फुटांपुरतंच होतं, आणि त्याच्या आकडेमोडीतही चूक होती. पडद्यावर पातळी दहा फुटांच्या आत आणि शिवाय हळूहळू उतरताना दिसत होती. प्रत्यक्षात द्रव सुमारे १५८ फुटांपर्यंत चढला होता. उंच पातळीचा वेगळा अलार्म होता, तो वाजला नाही. आत किती येतंय आणि बाहेर किती जातंय हे आकडे एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी असते, तर शाळकरी पोरानेही वजाबाकी केली असती. ते तसे नव्हते. ज्वलनशील द्रव उसळून बाहेर आला, पेटला. १५ माणसं गेली, १८० जखमी झाली.

याहून सूक्ष्म फसवणूक थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ ला झाली. एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता आणि अणुभट्टीचं पाणी त्यातून निसटत होतं. पॅनलवरचा दिवा मात्र विझलेला, म्हणजे व्हॉल्व्ह बंद. पण तो दिवा व्हॉल्व्हला जोडलेलाच नव्हता. तो जोडला होता ‘बंद हो’ या हुकमाला. हुकूम सुटला, दिवा विझला. हुकूम पाळला गेला की नाही, हे कुणी विचारलंच नव्हतं. आपल्याकडे फाईलवर ‘कार्यवाही झाली’ असा शेरा पडतो, त्याची आठवण मला दर वेळी होते.

शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह असतोच ना?

असतो, आणि असलाच पाहिजे. घरच्या कुकरवरची शिट्टी हे नियंत्रण आहे, दाब वाढला की उचलते, सोडते, बसते. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ही वेगळी गोष्ट. शिट्टीच्या भोकात डाळीचं साल अडकलं तर ज्याने वाचायचं तो व्हॉल्व्ह त्याच भोकावर अवलंबून असून चालत नाही. कारखान्यातही हाच दंडक : रोजचं नियंत्रण वेगळं, आणि ‘हे इथवर आलं की काही न विचारता बंद कर’ असं सांगणारा इंटरलॉक वेगळा. त्याचा सेन्सर वेगळा, वायर वेगळी, व्हॉल्व्हही वेगळा. त्याच्यावर शेवटचा पहारा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा किंवा ठरल्या दाबाला फाटणाऱ्या पातळ चकतीचा. खर्च वाचवायला दोघांना एकच सेन्सर देणं म्हणजे चोराच्या हाती चौकी.

पण रिअ‍ॅक्टरमध्ये उष्णता देणारी प्रक्रिया चालू असेल तर एवढ्यानेही भागेलच असं नाही. का, ते साध्या आकड्यांत बघू. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. समजा, ८० अंशांना आत तयार होणारी उष्णता आणि थंड करणारं पाणी नेत असलेली उष्णता सारखीच आहे. पाणी ३० अंशांचं आहे. आता काही कारणाने पाणी थोडा वेळ अडलं आणि तापमान ११० ला गेलं. पाणी परत चालू केलं. आतली उष्णता किती झाली? ९० ला दुप्पट, १०० ला चौपट, ११० ला आठपट. आणि पाणी किती नेणार? ते तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात नेतं. तेव्हा फरक ५० चा होता, आता ८० चा. म्हणजे दीडपटीपेक्षा थोडं जास्त. एकीकडे चक्रवाढ व्याज, दुसरीकडे रोजंदारी. त्या क्षणी पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे, पंप चालू आहे, कंट्रोलर बरोबर हुकूम देतोय, आणि तरी काही उपयोग नाही. इथे लूप तुटलेला नसतो, त्याचा हात तोकडा पडलेला असतो. बातमीतलं ‘नियंत्रण सुटलं’ हे वाक्य खरं ठरतं ते अशा वेळी.

भांडं मोठं केलं की हे आणखी बिघडतं. वाटीतली खिचडी पाच मिनिटांत निवते, लग्नातलं पातेलं तासाभरानेही चटका देतं. लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की माल आठपट होतो आणि उष्णता बाहेर जायची भिंत फक्त चौपट. म्हणून प्रयोगशाळेत गुणी बाळ असलेली प्रक्रिया मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये वेगळीच वागू शकते. १९ डिसेंबर २००७ ला अमेरिकेतल्या जॅक्सनव्हिल इथे टी-टू लॅबोरेटरीज नावाच्या छोट्या कारखान्यात पेट्रोलमध्ये घालायचं एक रसायन बनत होतं. थंड करायला शहराच्या नळाचं पाणी, दुसरी सोय नाही. काही वर्षं काम चाललं होतं, मधे बॅचचा आकार एक-तृतीयांशाने वाढवला होता. त्या दिवशी थंडावा बंद पडला. दाब सोडायची सोय होती, पण प्रक्रिया पिसाळल्यावर किती झपाट्याने दाब वाढेल याच्या हिशोबाने ती केलेली नव्हती. चार माणसं गेली. त्याआधीच्या शंभराहून जास्त बॅच स्फोट न होता पार पडल्या होत्या, आणि नेमकं तेच मालकांना सुरक्षिततेचं प्रमाणपत्र वाटलं असणार.

आपल्याकडे बॉयलरला १९२३ पासून स्वतंत्र कायदा आहे, त्याचे निरीक्षक आहेत, वर्षाची तपासणी आहे. रिअ‍ॅक्टर त्या कायद्यात बसत नाही. सुरुवातीला म्हटलं ना, फरक बराच आहे, तो असाही आहे.

आता एआय आलं, माणूस कशाला?

एआय कारखान्यांत येतंय, आणि चांगलं काम करतंय. कोणता सेटपॉईंट ठेवला तर कोळसा कमी लागेल, कोणता पंप महिन्याभरात दगा देईल, हे ते माणसाआधी सांगू शकतं. पण ते बसतं लूपच्या वर. सेन्सर नळीत लोंबकळत असेल तर त्यालाही ६२ च दिसणार. बाकीचे आकडे पडताळून त्याला शंका यावी अशी सोय करता येते, मात्र ती कुणीतरी आधी करून ठेवावी लागते.

आणि माणसाला पॅनलसमोर ठेवायचं, तर त्याला झेपेल असं ठेवावं लागतं. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले. सेकंदांचा हिशोब केला तर दर अडीच सेकंदांना एक. पुढे या क्षेत्रात जी मार्गदर्शक पद्धत रूढ झाली तिच्यानुसार एका माणसाला दहा मिनिटांत साधारण एक अलार्म नीट हाताळता येतो. अलार्म लावायला आता काही खर्च येत नाही, सॉफ्टवेअरमध्ये एक खूण केली की झालं. म्हणून प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतो, “यालाही एक अलार्म लावून टाका.” काढून टाका म्हणणारा मी अजून पाहिला नाही, कारण उद्या काही झालं तर त्याचं नाव पुढे येईल.

मामांच्या त्या जुन्या पॅनलवर बटणांची एक ओळ होती. प्रत्येकाखाली पांढऱ्या अक्षरात काय ते कोरलेलं. पंप चालू, पंप बंद, इमर्जन्सी, दिवा तपासणी. सगळी अक्षरं शाबूत होती. फक्त अलार्मचा आवाज बंद करायच्या बटणावरची अक्षरं बोटांनी घासून घासून पार पुसून गेली होती.